विश्लेषण : डायनासोरच्या काळातली माशी नामिबियाच्या वाळवंटात जिवंत कशी? तिला नाव मिळणे महत्त्वाचे का?

स्पेनच्या उत्तरेकडील आलावा प्रांतात अंबर सापडते. अंबर म्हणजे झाडाच्या चिकट राळेचा जीवाश्म. त्यात सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वी अडकलेले कीटकही सापडतात. अशाच एका चिमुकल्या माशीला १९९९ मध्ये 'अलावेसिया' हे नाव मिळाले. तिचा अख्खा वंश केव्हाच संपला, असा समज होता. मात्र २०१० मध्ये ब्रॅडली सिंक्लेअर आणि अ‍ॅश्ली कर्क-स्प्रिग्ज या अभ्यासकांनी याच वंशाच्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या दगडातल्या नव्हत्या. नामिबियातील ब्रँडबर्ग पर्वतावर त्या आजही उडत आहेत.

ब्रँडबर्गच का?

नामिब हे जगातील सर्वात जुन्या वाळवंटांपैकी एक. त्याच्या काठावर ब्रँडबर्गचा ग्रॅनाइटचा डोंगर सपाट माळातून एकदम वर येतो. त्याचे सर्वोच्च शिखर २,५७३ मीटर उंच असून ते नामिबियातीलही सर्वोच्च आहे. खाली रखरखाट असला तरी वर थोडा गारवा असतो, आणि घळींमध्ये पाणी टिकते. भोवतालचा प्रदेश कोरडा होत गेला तसे हे डोंगर जुन्या जीवांसाठी बेटासारखे उरले, असे मानले जाते. 

याच डोंगराने २००२ मध्येही कीटकशास्त्रज्ञांना धक्का दिला होता. तेव्हा कीटकांचा एक संपूर्ण नवा गण जाहीर झाला. त्याचे पुरावे आधी अंबरात आणि संग्रहालयातील जुन्या नमुन्यांमध्ये मिळाले होते, नंतर जिवंत कीटक ब्रँडबर्गवर सापडले. नवा गण म्हणजे भुंगे किंवा फुलपाखरे यांच्या तोलाचा गट. असे काही त्याआधी अनेक दशकांत घडले नव्हते.

दोन नव्या माश्यांपैकी एकीचे नाव 'अलावेसिया डाउरा'. स्थानिक डमारा लोक या पर्वताला 'डाउरेस' म्हणतात, त्यावरून ते आले. दुसरी 'ल्युकोप्रोसोपा', म्हणजे ग्रीकमध्ये 'पांढऱ्या चेहऱ्याची'. दोघीही तांदळाच्या दाण्याहून लहान. आपण ज्याला चिलट म्हणून हाताने झटकतो, तेवढ्याच आकाराच्या.

'सापडली' म्हणजे नेमके काय?

इथे बहुतेक बातम्या गफलत करतात. माशी वाळवंटात दिसते त्या दिवशी नवी प्रजाती 'सापडत' नाही. तंबूसारख्या जाळीत किंवा साबणाच्या पाण्याने भरलेल्या पिवळ्या थाळीत हजारो कीटक अडकतात. ते अल्कोहोलमध्ये ठेवले जातात आणि बाटल्या संग्रहालयाच्या कपाटात जातात. त्यातली एखादी माशी वेगळी आहे, हे ओळखणारा माणूस कधी काही महिन्यांनी, तर कधी काही दशकांनी त्या बाटलीपर्यंत पोहोचतो.

मग खरे काम सुरू होते. पंखांवरच्या शिरा, मिशांची घडण, पायांवरचे केस मोजले जातात. अनेक माश्या बाहेरून सारख्याच दिसतात, पण नराच्या जननांगाची रचना प्रजातीगणिक बदलते. म्हणून पोटाचे टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून, सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून त्याची चित्रे काढली जातात. जगभरात माश्या-डासांच्या दीड लाखाहून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत. आपली माशी त्यांतली नाही, हे दाखवायचे तर जवळच्या सगळ्या प्रजातींशी तिची तुलना करावी लागते. डीएनएची मदत होते, पण तुलनेसाठी जुन्या प्रजातींचा डीएनए उपलब्ध असेल तरच.

शेवटी एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून जाहीर होतो आणि संग्रहालयात कायमचा ठेवला जातो. २०१९ पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा जगभरच्या किलोग्रॅमचे प्रमाण होता. या माशीचे काम तसेच. पुढे वाद झाला तर प्रत्येकाला तिच्याकडेच परत यावे लागते.

मोबाइलवरचा फोटो पुरत नाही का?

हा वाद खरोखरच पेटला होता. २०१५ मध्ये स्टीफन मार्शल आणि नील एव्हेनहाउस यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन केवळ छायाचित्रांवरून केले. ही माशी सुतारभुंग्यासारखी दिसते. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम अशा वर्णनाला पूर्ण बंदी घालत नाहीत. तरी पुढच्याच वर्षी जवळपास ५०० वर्गीकरणतज्ज्ञांनी एकत्रितपणे त्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे : फोटोत जननांग दिसत नाही आणि फोटोतून डीएनएही काढता येत नाही. फोटो शोधाची सुरुवात ठरू शकतो. पुरावा म्हणून तो तोकडाच पडतो.

नाव मिळाल्याने फरक काय पडतो?

याचे सर्वात ठसठशीत उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तिथल्या कोरड्या वाळूच्या टेकड्यांवर 'डेल्ही सँड्स' नावाची माशी राहते. (हे नाव तिथल्या वाळूच्या मातीच्या प्रकारावरून आले आहे.) ही माशी वर सांगितलेल्यांच्या तुलनेत चांगली दांडगी, सुमारे अडीच सेंटिमीटरची. वर्षातले बहुतेक दिवस ती अळीच्या रूपात वाळूखाली असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काही आठवडे बाहेर येते. १९४१ मध्ये तिला वेगळी उपप्रजाती म्हणून नाव मिळाले. २३ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत आलेली ती पहिली माशी ठरली.

दुसऱ्याच दिवशी सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या रुग्णालयाचे बांधकाम तिच्या अधिवासात सुरू होणार होते. रुग्णालयाचा आराखडा सुमारे २५० फूट सरकवावा लागला. 'माशीसाठी रुग्णालय हलवले' म्हणून टर उडवली गेली, बांधकाम व्यावसायिक न्यायालयातही गेले. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने संरक्षण कायम ठेवले. टर उडवणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले. तोवर त्या टेकड्यांचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग शेती आणि बांधकामाखाली गेला होता. आणि १९४१ चे ते वर्णन नसते, तर १९९३ च्या यादीत लिहायला नावच नसते.

भारतात काय नियम आहे?

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार, कोणालाही नवी प्रजाती आढळल्यास ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्याचे मुख्यालय कोलकात्यात आहे. थर वाळवंटासाठी जोधपूरला, तर पश्चिम भारतासाठी पुण्याला त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. नमुना तिथे पोहोचला तरी पुढचे काम तेच : सूक्ष्मदर्शकाखाली शिरा, केस मोजणारा माणूस लागतो. बाटल्या भरणे त्या मानाने सोपे आहे. त्या वाचू शकणारे तज्ज्ञ जगभरातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि माश्यांच्या काही कुळांसाठी तर एखाददुसराच.