विश्लेषण : एकाच व्हायोलिन रचनेला दोन क्रमांक का?

सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोवर कुठे ७७ हा रचना-क्रमांक दिसतो, तर कुठे ९९. ही छपाईची चूक नाही. रचना लिहून झाली आणि ती लोकांनी ऐकली, यांत सात वर्षे गेली. त्या सात वर्षांची ही खूण आहे. युक्रेन युद्धानंतर ‘रशियन संगीत वाजवावे का’ हा वाद युरोपात रंगला. त्या वादातही ही कहाणी उपयोगी पडते.

कॉन्चेर्टो म्हणजे काय?

एक वादक आणि समोर पूर्ण वाद्यवृंद, अशी ही रचना असते. शोस्ताकोविच यांच्या कॉन्चेर्टोचे चार भाग आहेत. तिसऱ्या भागाच्या अखेरीस वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिन काही मिनिटे एकटेच वाजत राहते. दुसऱ्या भागात ज्यू लोकनृत्याच्या वळणाची धून आहे.

रचना दडवून का ठेवावी लागली?

शोस्ताकोविच यांनी ही रचना १९४७ मध्ये सुरू केली आणि मार्च १९४८ मध्ये पूर्ण केली. त्याआधीच, १० फेब्रुवारी १९४८ रोजी, कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचा ठराव आला होता. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन आदींचे संगीत जनतेपासून तुटलेले आहे, असा ठपका त्यात होता. शोस्ताकोविच यांची मॉस्को आणि लेनिनग्राडमधील अध्यापनाची पदे गेली. त्याच वर्षी जानेवारीत ज्यू नाट्यकलावंत सोलोमन मिखोएल्स यांची स्टालिनच्या राजवटीने हत्या घडवली होती. अशा वेळी ज्यू वळणाची धून लोकांपुढे आणणे धोक्याचे होते.

मग शोस्ताकोविच गप्प बसले का?

नाही. सरकारला रुचेल असे संगीत त्यांनी दिले. स्टालिनच्या वृक्षलागवड योजनेचे गुणगान करणाऱ्या ‘साँग ऑफ द फॉरेस्ट्स’ला स्टालिन पारितोषिकही मिळाले. १९४९ मध्ये त्यांना सोव्हिएत प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. कॉन्चेर्टो मात्र कपाटातच राहिला. मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला. त्यानंतर २९ ऑक्टोबर १९५५ रोजी लेनिनग्राडमध्ये डेव्हिड ऑइस्त्राख यांनी तो प्रथम वाजवला. तेव्हा त्याला ९९ क्रमांक मिळाला. लेखनकाळाशी जुळणारा ७७ पुढे पुन्हा रूढ झाला.

आजच्या वादाशी संबंध काय?

मार्च २०२२ मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकने संचालक व्हॅलेरी गर्गिएव्ह यांना काढले, कारण त्यांनी पुतिन यांच्यापासून अंतर राखण्यास नकार दिला होता. त्याच महिन्यात कार्डिफच्या एका वाद्यवृंदाने चायकोव्हस्की यांची ‘१८१२’ ही रचना कार्यक्रमातून वगळली. दोन्ही निर्णय एकाच लाटेतले असले, तरी सारखे नाहीत. पहिला निर्णय एका हयात व्यक्तीच्या राजकीय भूमिकेबद्दल होता. दुसरा १८९३ मध्ये निधन झालेल्या संगीतकाराच्या कृतीबद्दल होता.

हा कॉन्चेर्टो ज्यांना अर्पण केला आहे, ते ऑइस्त्राख ज्यू होते आणि त्यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील ओडेसाचा. राज्यसत्ता कलावंताला मिरवते आणि दडपतेही. शोस्ताकोविच यांच्या वाट्याला दोन्ही आले. त्यामुळे एखादी रचना कोणत्या देशातली, एवढ्यावरून ती कोणाच्या बाजूची हे ठरत नाही. ७७ आणि ९९ या दोन आकड्यांचा हाच धडा आहे.