डोळ्यांखालचे फुगवटे आणि सुई

वय वाढले की डोळ्यांभोवतालचा पातळ पडदा सैल होतो व आतली चरबी पुढे येते. ती विरघळविण्यास सुई टोचून घ्यावी काय? वाचकहो, जरा थांबा. डीऑक्सिकोलिक आम्ल हे औषध अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने २०१५ साली मान्य केले, ते केवळ हनुवटीखालील चरबीकरिता. ते पेशींची आवरणे फोडते. चरबी कोणती नि शेजारची त्वचा कोणती, हा विवेक त्यास नाही. हनुवटीखालची सूज बहुधा उतरते. परंतु डोळ्याच्या खोबणीत सुजेला जागा कोठली? दाब वाढल्यास दृष्टीसच अपाय व्हावयाचा. म्हणून नेत्रतज्ज्ञास विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. फुगवट्याने कोणाचे अडत नाही. दृष्टी मात्र पुन्हा मिळत नाही.