वही कोणाच्या हाती?

बेंगळुरू शहरात 18 जानेवारी 2020 रोजी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ब्लॉकचेन’ या तंत्रासाठी एक खास केंद्र सुरू केले. जमिनीची नोंद, जातीचा दाखला, पदवीचे प्रमाणपत्र अशा सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याच्या कागदपत्रांबाबत आता या तंत्राचे नाव वारंवार घेतले जाते. दुसरीकडे त्याच नावाखाली सट्टेबाजीचा प्रचंड बाजार उभा राहिला आहे. मात्र ज्या कष्टकरी माणसाच्या नोंदी या तंत्राच्या हवाली होणार, त्याला ते नेमके काय आहे हे साध्या भाषेत सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. वास्तविक ते समजण्यास मुळीच अवघड नाही.

ब्लॉकचेन म्हणजे मुळात एक वही आहे. कोणी कोणाला काय दिले, कोणाच्या नावावर काय आहे, हे लिहून ठेवण्याची वही. अशा वहीचे महत्त्व महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेले शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख होता तो सावकाराच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते हस्तगत करून त्यांनी जाळले. कारण वही एकट्या सावकाराकडे होती, लिहिणारा तोच होता आणि निरक्षर कुणब्याचा अंगठा घेणाराही तोच होता. एकाच्या हातातील वहीवर बाकीच्यांनी विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न असा जुना आहे. ब्लॉकचेन हे या प्रश्नाला दिलेले एक यांत्रिक उत्तर आहे.

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील वीस कामगार भिशी चालवतात, असे समजा. हिशेबाची वही एकाच्याच घरी असेल तर तो आकडे फिरवू शकतो. म्हणून विसांनी ठरवले, की वही प्रत्येकाच्या घरी असेल आणि बैठकीत सर्वांसमक्ष ठरलेली नोंदच विसांच्या वहीत एकाच वेळी उतरेल. आता एकाने आपल्या वहीत खाडाखोड केली तरी उरलेल्या एकोणीस वह्या त्याला खोटे पाडतील. ही झाली पहिली युक्ती.

दुसरी युक्ती ठशाची. पानावरील सर्व मजकूर एका ठरावीक गणिती रीतीने दळून काढला, की ठरलेल्या लांबीचा एक संकेत मिळतो. याला ‘हॅश’ म्हणतात. त्याला त्या पानाचा अंगठा म्हणण्यास हरकत नाही. मजकुरात एक टिंब बदलले तरी हा ठसा पार बदलून जातो. प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा ठसा लिहिला जातो. त्यामुळे पाचव्या पानात कोणी फेरफार केला, तर सहाव्या पानाच्या माथ्यावरील ठशाशी ते पान जुळत नाही आणि चोरी तात्काळ उघडी पडते. पान म्हणजे ‘ब्लॉक’ आणि ठशांनी एकमेकांत गुंतलेल्या पानांची साखळी म्हणजे ‘चेन’. एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ.

मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. निव्वळ ठशांनी वही सुरक्षित होत नाही. वहीच्या सर्व प्रती एकाच मालकाच्या ताब्यात असतील, तर तो मागचे पान बदलून पुढचे सारे ठसे यंत्राकडून पुन्हा काढवून घेऊ शकतो. साखळीचे खरे बळ गणितात जितके आहे, तितकेच परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या माणसांच्या हाती विखुरलेल्या प्रतींत आहे.

हे तंत्र प्रथम गाजले ते बिटकॉइनमुळे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी त्याची योजना प्रसिद्ध झाली आणि जानेवारी 2009 मध्ये साखळीचे पहिले पान लिहिले गेले. अमेरिकेतील बड्या बँका तेव्हा कोसळत होत्या. बँकेविना चालणारा पैसा, असा त्याचा दावा होता. तेथे नवे पान लिहिण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकांची अहोरात्र शर्यत चालते आणि तिच्यात अतोनात वीज खर्ची पडते. सर्वांची म्हणवणारी वही लिहिण्याचे काम अशा रीतीने बलाढ्य यंत्रे बाळगणाऱ्यांकडे गेले आणि बँकेची जागा सट्ट्याने घेतली. भारतात रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीसाठी रोख पैशांचे यंत्र उभे राहिले आणि पोलिसांनी ते जप्त केले. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा तो आदेश रद्द ठरवला. 2022 पासून या व्यवहारांतील नफ्यावर 30 टक्के कर आहे. परंतु कर लावला म्हणजे चलन म्हणून मान्यता दिली, असे नव्हे. दरमहा 10 टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेच्या संदर्भात पुण्यात फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले, ते याच काळात. वही पक्की असली, म्हणून वहीच्या नावाने बोलणारा माणूस सच्चा ठरत नाही, हा त्याचा धडा आहे.

तथापि सट्टेबाजांनी हाताळले म्हणून तंत्रच त्याज्य मानणे चुकीचे ठरेल. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात 2022 मध्ये सुमारे 65 हजार जातीच्या दाखल्यांची नोंद अशा साखळीवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यासाठीची ‘लेजिटडॉक’ ही प्रणाली बेंगळुरूच्या एका कंपनीची आहे. दाखल्यावरील चौकोनी संकेतचित्र फोनने टिपले, की तो दाखला कार्यालयाने खरोखर दिला आहे की नाही, हे कोणालाही पडताळता येते. ज्या राज्यात बनावट दाखल्यांच्या आधारे आदिवासींच्या राखीव जागा बळकावल्या गेल्या आणि ज्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला जुलै 2017 मध्ये, अशा मार्गाने मिळवलेल्या नोकऱ्यांना संरक्षण नाही, असा निर्वाळा द्यावा लागला, तेथे या उपयोगाचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. छापखान्यात तयार केलेला बनावट दाखला साखळी पकडेल. उलट लाच घेऊन अधिकाऱ्यानेच दिलेला खोटा दाखला ती इमानेइतबारे जपून ठेवील आणि वर त्याच्यावर अचूकतेचा शिक्का मारील. साखळी नोंद राखते. नोंदीतील सत्य तपासत नाही. दख्खनच्या उठावानंतर 1879 मध्ये झालेल्या शेतकरी साहाय्य कायद्यालाही हे मान्य करावे लागले होते, की न्यायालयाने रोख्यावरील अक्षरांवर न थांबता त्यामागील व्यवहार तपासावा. अंगठा खरा होता. व्यवहार खोटा होता.

याहूनही महत्त्वाचा धडा बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्री कामगारांनी 2016 मध्ये दिला. त्या वर्षी 10 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढण्यास मनाई केली. 18 आणि 19 एप्रिलला हजारो स्त्रिया कारखाने सोडून रस्त्यावर उतरल्या. त्यांनी पोलिसांच्या लाठ्या सोसल्या, आणि 19 एप्रिललाच सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. या प्रकरणात खात्यातील एकही आकडा कोणी खोडला नव्हता. वही शाबूत होती. बदलला होता तो नियम. जगातील सर्वांत अभेद्य साखळीदेखील त्या स्त्रियांचे रक्षण करू शकली नसती. ते त्यांच्या एकजुटीने केले.

सरकारी साखळ्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. केंद्र सरकारने 4 सप्टेंबर 2024 रोजी ‘विश्वस्य’ ही ब्लॉकचेन व्यवस्था जाहीर केली. तिच्या प्रती भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील केंद्रांत आहेत. पण ही तिन्ही केंद्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचीच आहेत. एखाद्या कारकुनाच्या परस्पर खाडाखोडीला अशी व्यवस्था आळा घालील. मात्र तीन घरांत ठेवलेली एकाच मालकाची वही ही विसांची वही होत नाही.

म्हणून शेतकरी, कामगार आणि आदिवासी यांच्या संघटनांनी या तंत्राला घाबरू नये आणि त्याला भुलूनही जाऊ नये. त्यांच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. सार्वजनिक नोंदींच्या पडताळणीच्या प्रती ग्रामसभा, विद्यापीठे आणि न्यायालये यांच्याकडे स्वतंत्रपणे असाव्यात. नोंद साखळीवर चढण्यापूर्वी ती ग्रामसभेत वाचून दाखवली जावी. चुकीची नोंद पुसता येत नसली, तरी तिच्यावर दुरुस्तीची नोंद चढवण्याचा हक्क प्रत्येकाला मुदतीत मिळावा. फोन नाही किंवा संपर्क तुटला, या कारणास्तव कागदावरचा दाखला नाकारला जाऊ नये. आणि साखळीचे नियम एका अधिसूचनेने बदलण्याची मुभा कोणालाही नसावी.

सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे वह्या जाळण्यावाचून मार्ग उरला नव्हता, कारण त्यांना त्या वाचता येत नव्हत्या आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. आजच्या वहीची प्रत मागता येते, ती वाचायला शिकता येते आणि तिच्या नियमांवर हक्क सांगता येतो. तो आपणहून मात्र कोणी आणून देणार नाही.