तीच ओळ दोनदा का?



गेल्या रविवारी विहारातून घरी आलो, तर मुलाने ब्लूज लावले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे हे संगीत. थोडे ऐकून आम्ही विचारले, "अरे, ही बाई एकच ओळ दोनदा का म्हणते?" तो म्हणाला, "बाबा, तिसरी ओळ ऐका."

तिथेच आम्हाला किल्ली सापडली. ब्लूजमध्ये बहुधा दुःखाची ओळ गातात, तीच पुन्हा गातात आणि तिसऱ्या ओळीत तिला जवाब देतात. मधल्या जागेत गिटार किंवा पियानो बोलतो. आपल्या गायन पार्टीत कोरस ओळ उचलून धरतो ना, तसेच काहीसे. हे कळले की कान आपोआप तिसऱ्या ओळीची वाट पाहू लागतात.

1865 साली तिकडची गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन बहुतेक गोऱ्या मालकांकडेच राहिली. कापसाच्या शेतात बटाईने राबायचे आणि हंगामाअखेर मालकाच्या वहीत आपल्याच नावावर कर्ज निघायचे. दक्षिणेतील अशा राबत्या माणसांतून ब्लूज जन्मले. 1946 साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी 1903 सालच्या आपल्या पुस्तकात गुलामांच्या दुःखगीतांवर एक अख्खे प्रकरण लिहिले होते. ब्लूज त्याच वंशातले.

आम्ही ऐकत होतो ती बेसी स्मिथ. लहानपणी आईबाप गेले, तेव्हा चॅटनूगा शहरात भावाबरोबर रस्त्यावर गाऊन तिने पैसे मिळवले. 1923 साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती घराघरांत पोचली. 1927 सालचे तिचे 'बॅकवॉटर ब्लूज' जरूर ऐका. पुरात घर गेलेल्या बाईचे ते गाणे. ती गळा काढत नाही. काय घडले ते भरल्या, ठाम आवाजात सांगते. तथागतांनीही दुःख झाकायला नव्हे, ओळखायला शिकवले.

1937 साली मोटार अपघातात बेसी गेली. अंत्ययात्रेला हजारो लोक आले, पण कबरीवर 33 वर्षे नावाचा दगड नव्हता. 1970 साली तो बसला. खर्च केला गायिका जॅनिस जॉपलिन आणि जुआनिटा ग्रीन यांनी. या जुआनिटाबाई लहानपणी बेसीच्या घरी कामाला होत्या.

हे कळले आणि आम्हाला आमची आत्या आठवली. जात्यावर बसली की बाबासाहेबांवरच्या ओव्या तिच्या ओठी यायच्या. आम्ही शिकलेले, नोकरदार. पण एकही ओवी लिहून घेतली नाही. आत्या गेली, ओव्याही गेल्या.

तेव्हा माताभगिनींनो, बंधूंनो, ब्लूज मुलांबरोबर बसून अवश्य ऐका. आणि ऐकून झाले की वही घेऊन आजीजवळ बसा. ती गाईल ते लिहा आणि खाली तिचे नाव घालायला विसरू नका.