ताकद किती आणि पकड किती?

फिनलंडच्या भाषेत ‘लुया’ असे एक विशेषण आहे. शब्दकोश त्याचा अर्थ ‘मजबूत’ सांगतो, पण तेवढ्यावर काम भागत नाही. दोर लुया असतो, मुठीची पकड लुया असते, निश्चयही लुया असतो. नुसत्या ताकदीसाठी तिथे ‘वाह्वा’ हा दुसरा शब्द आहे; कडक कॉफीलाही तोच लावतात. ‘लुया’मध्ये ताकदीबरोबर न सुटणे, न ढळणे येते.

नव्याने फिनिश शिकणाऱ्याची इथे गल्लत होते. अमरावतीकराची होऊ नये. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबाला अढी घालून उलटा लटकणारा सडपातळ पोरगा वजन उचलण्यात मागे पडेल कदाचित; त्याची अढी मात्र सुटत नाही. लुया म्हणजे हेच.

दवाखान्यात मात्र आपल्याकडे सगळ्यावर एकच शब्द: कमजोरी. अकोल्यापासून धारणीपर्यंत मागणीही एकच. “डॉक्टरसाहेब, आंगात तरान नाही राह्यला, येक सलाइन लावून द्या.” पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे फार तर १०० कॅलरी. ज्वारीची एक भाकर त्याहून जास्त देते, आणि सुईही टोचत नाही. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल तर सलाइन जीव वाचवते. ताकदीसाठी ते लावणे आणि लावून घेणे, दोन्ही बंद व्हायला हवे.

त्यापेक्षा पकड मोजावी. मूठ दाबून किलोत आकडा दाखवणारे साधे यंत्र मिळते. पुरुषात २८ आणि स्त्रीत १८ किलोच्या खाली आकडा गेला, तर स्नायू झिजत असल्याची शंका घ्यावी, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९चा निकष आहे. हे यंत्र बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या यंत्राशेजारी असायला काय हरकत आहे? घरी तर खुर्ची पुरते. हात छातीशी बांधून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर आजोबांच्या ताटातली डाळ-अंडी वाढवावीत, त्यांना रोज थोडा जोर करायला लावावा आणि एकदा हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून घ्यावे.

एक गोष्ट मात्र वेगळी. एकाच हाताची पकड अचानक सुटली, हातातला पेला पडला, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर ती कमजोरी नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन केल्यावर. मेळघाटातल्या गावातून अमरावती गाठण्यातच त्यातले कितीतरी तास जातात. उरलेले गावातल्या खाटेवर, सलाइनची बाटली संपायची वाट पाहण्यात जातात.