परिचारिकेचा अखत्यार

रोगाचे निदान वैद्याने करावे, उपचार त्यानेच लिहून द्यावा आणि परिचारिकेने तो हुकूम बिनचूक बजावावा. याहून अधिक बुद्धीची अपेक्षा तिच्याकडून करणे म्हणजे रुग्णालयाच्या शिस्तीस बाध आणणे होय, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे अद्यापि प्रतिष्ठित आहे. या पक्षाच्या दृष्टीने नाडी, ताप व रक्तदाब यांची नोंद हे निव्वळ कारकुनी काम असून ‘झोप येत नाही’, ‘पोट साफ होत नाही’, ‘चक्कर येते’ या रुग्णाच्या रोजच्या तक्रारी ठरावीक गोळी देऊन मिटवण्याजोग्या आहेत. हे मत केवळ परिचारिकेवर अन्याय करणारे असते, तर त्याचा समाचार घेण्याचे काम तिच्या संघटनांवर सोपवता आले असते. पण ते रुग्णाच्या प्राणावर बेतणारे आहे, म्हणून त्याचे खंडन अगत्याचे आहे.

उदरावरील शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीचाच विचार करू. शल्यवैद्य घरी गेलेले आहेत, रुग्ण कूस बदलतो आहे आणि ‘सिस्टर, जीव घाबरतोय, झोपेची गोळी द्या’ म्हणून विनवतो आहे. हुकमाची ताबेदार परिचारिका गोळी देईल. परीक्षण जाणणारी परिचारिका मात्र आधी पूर्ण एक मिनिट श्वास मोजील, नाडी पाहील, हातपाय गार व घामेजलेले आहेत काय हे चाचपील, जखमेची पट्टी, निचऱ्याची नळी व लघवीचे प्रमाण तपाशील. कारण आत रक्तस्राव होत असता नाडी व श्वास प्रथम वाढतात आणि रक्तदाब, विशेषतः तरुण देहात, बराच वेळ टिकून राहून सर्वांची दिशाभूल करतो. अशा वेळी दिलेली गोळी रोग्याला नव्हे, धोक्याच्या सूचनेलाच निजवते.

सायंकाळपर्यंत नीट बोलणारा वृद्ध रात्री असंबद्ध बडबडू लागला, की ‘वयाचा दोष’ म्हणून त्याचे हात बांधण्याची सूचना होते. वस्तुतः तुंबलेले मूत्राशय, रक्तातील प्राणवायूची घट, नवे औषध किंवा अंगात मुरत असलेला जंतुसंसर्ग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि ओटीपोटावर ठेवलेला एक जाणता हात पुष्कळदा तेथेच उलगडा करतो. चक्कर येणाऱ्या मधुमेही रुग्णाची साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल व तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे 15 ग्रॅम साखर देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. साखर ठीक असून उभे राहताच वरचा रक्तदाब 20 अंकांनी किंवा अधिक उतरत असेल, तर त्याच तक्रारीचे मूळ निराळे आणि इलाजही निराळा.

हे काही नवे खूळ नव्हे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, द्रव्य व रोगी यांच्या पंक्तीस परिचारकाला बसवले आणि त्याच्या गुणांत अनुराग व शुचिता यांच्याबरोबर उपचारांचे ज्ञान व दक्षता यांची गणना केली. निव्वळ आज्ञाधारकपणा त्या गणनेत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथात रोग्याच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्याच संस्थेने 2012 मध्ये श्वास, प्राणवायू, ताप, रक्तदाब, नाडी व शुद्धी यांना गुण देऊन धोका वेळीच ओळखण्याची पद्धती प्रसृत केली, आणि ती चालते ती मुख्यतः परिचारिकांच्या नोंदींवर.

एका परिचारिकेवर खाटांची अख्खी रांग सोपवल्यावर हे परीक्षण करायचे केव्हा, हा आक्षेप मात्र खरा आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. त्यावरून अधिक पदे मंजूर झाली पाहिजेत एवढे सिद्ध होते, परीक्षण अनावश्यक आहे हे नव्हे. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत सर्वांचा श्वास 18 असा न मोजताच लिहिणे हा तर गुन्हाच आहे, आणि कामाच्या ओझ्याची सबब त्याला लागू करता येत नाही.

शल्यवैद्यांना एवढीच विनंती आहे, की ‘रुग्ण मला बरा वाटत नाही’ असा निरोप अपरात्री आला, तर रागावण्याआधी श्वास किती, नाडी किती हे विचारावे आणि उठून यावे. कारण एकदा दटावली गेलेली परिचारिका दुसऱ्या रात्री तक्ता भरते आणि गप्प बसते.