ठाकुर्लीचा धडा

कल्याण-डोंबिवलीहून दररोज मुंबईकडे लोंबकळत जाणाऱ्या चाकरमान्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की गाडी चालविणारी वीज एके काळी त्यांच्या उशापाशीच निर्माण होत होती? ठाकुर्लीजवळ चोळे येथे जी. आय. पी. रेल्वेने १९२९ साली कोळशावरचे वीजगृह उभारले. अर्धशतकाहून अधिक काळ त्याने रेल्वेला वीज पुरविली. धूर आणि राख मात्र आसमंताच्या वाट्याला आली. १९८० च्या दशकात ते बंद पडले. पुढे २०११ च्या रेल्वे अंदाजपत्रकात त्याच ठाकुर्लीत ७०० मेगावॉटचा, नैसर्गिक वायूवर चालणारा प्रकल्प उभारण्याची घोषणा झाली. प्रकल्प काही उभा राहिला नाही! त्याच सुमारास कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घसरू लागले आणि दाभोळचा तयार प्रकल्पही इंधनावाचून ठप्प झाला. अशा वेळी घरच्या वायूच्या भरवशावर नवे वीजगृह मांडणे म्हणजे विहीर आटत असता तिच्यावर रहाट बसविण्यासारखेच होते.

म्हणून वायूचा अव्हेर करावा, असे आम्ही म्हणत नाही. तेवढीच वीज निर्माण करताना कोळशाच्या मानाने वायूतून सुमारे निम्माच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राख तर नाहीच. १९७४ साली मुंबई हायचा शोध लागला, १९९५ साली महानगर गॅसची स्थापना झाली, आणि पुढे ठाणे-डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांत नळाने वायू आला, रिक्षांचा काळा धूर ओसरला. हा लाभ लहान नव्हे.

परंतु वायू स्वच्छ आहे हे म्हणणे अर्धसत्य आहे. त्यातील मिथेन न जळता वाहिनीतून निसटला, तर वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट ताप वाढवितो. शिवाय देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा वायू परदेशांतून येतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि त्याची झळ ठाण्याच्या रिक्षावाल्याच्या खिशाला लागली, हे विसरून कसे चालेल?

तेव्हा वायू कोठे वापरावा, याचा विवेक हवा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जेथे अजून कोळसा वा भट्टीचे तेल जळत असेल, तेथील बाष्पके आधी वायूवर आणावीत. दाट वस्तीला त्याची निकड आहे. विजेसाठी मात्र रेल्वेची मोकळी जागा, कारशेडे आणि सोसायट्यांच्या गच्च्या सूर्याच्या हवाली कराव्यात, आणि सूर्य मावळल्यावरची तूट भरून काढण्यापुरतेच वायूवरचे वीजगृह राखावे. रस्ते खणणाऱ्या यंत्रणांनी वाहिन्यांचे नकाशे पाहिल्यावाचून कुदळ मारू नये, आणि वर्षाला किती वायू गळतो याचा हिशेब नागरिकांपुढे मांडला जावा. एवढे मागण्याचा अधिकार देयके भरणाऱ्याला खचित आहे.

कल्याणच्या खाडीत नाव असते ती पैलतीर गाठण्यासाठी. नावेतच कोणी संसार थाटीत नाही. नैसर्गिक वायूची योग्यता तेवढीच आहे, आणि तेवढी ती नक्कीच आहे. ठाकुर्लीच्या चिमणीने एकदा शिकविलेला धडा पुन्हा गिरविण्याची पाळी आपल्यावर येऊ नये!